बाळाचे थेंबभर रक्त आणि लॅबमधले यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

"मॅडम, काल पण रक्त घेतलं, आज सकाळी पण घेतलं. आता परत? एवढ्याशा जिवात रक्त असून असून असणार किती?"

लहान मुलांच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले. आम्हा लॅबवाल्यांचा पेशंटशी थेट संबंध कमी. आमच्याकडे येतात त्या नळ्या आणि चिठ्ठ्या. त्या दिवशी मात्र मी नवजात अतिदक्षता विभागात गेले होते आणि दारातच एका आईने मला हा प्रश्न विचारला. तिचे बाळ सातव्या महिन्यात जन्मलेले, वजन किलोच्या आसपास. प्रश्नाचे उत्तर मला पाठ होते, पण तिला ते सांगताना जीभ अडखळली. कारण त्या बाळाला पुन्हा पुन्हा टोचण्याची वेळ येण्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या स्वयंचलित यंत्राचा हात होता, आणि ते यंत्र निवडणाऱ्या समितीत मी स्वतः होते.

आज मी या यंत्रांविषयीच बोलणार आहे. रक्ततपासणीची यंत्रे आता तालुक्याच्या गावीही दिसतात. बटन दाबले की छापील रिपोर्ट बाहेर पडतो, याची आपल्याला सवय झाली आहे. पण पेशंट जेव्हा पाच-सहा फुटी माणूस नसून तळहातावर मावणारे बाळ असते, तेव्हा या यंत्रांचे गणित पार बदलते.

आधी त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात दर किलो वजनामागे ८० ते ८५ मिलिलिटर, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात ९० ते १०० मिलिलिटर. म्हणजे एक किलोच्या बाळाचे अंगातले सगळे रक्त जेमतेम कटिंग चहाच्या एका ग्लासात मावेल. आपण लॅबमध्ये जातो तेव्हा सहज पाच मिलिलिटर रक्त देतो आणि कापूस दाबून घरी येतो. त्या बाळाचे पाच मिलिलिटर काढणे म्हणजे मोठ्या माणसाचे दोनशे मिलिलिटरहून अधिक काढण्यासारखे आहे. रक्तदान शिबिरात आपण ३५० मिलिलिटर देतो आणि त्यानंतर तीन महिने पुन्हा देत नाही. या बाळांची तपासणी मात्र पहिल्या काही दिवसांत रोज, कधी दिवसातून तीन-चार वेळा करावी लागते. साखर, कावीळ, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, रक्तातला प्राणवायू, जंतुसंसर्गाच्या खुणा. यांतले एकही टाळता येत नाही.

याचा परिणाम काय होतो? अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पहिल्या काही आठवड्यांत रक्तक्षय होतो. त्याची कारणे अनेक आहेत. नवीन रक्तपेशी बनवण्याची यंत्रणा मंद असते, लोहाचा साठा अपुरा असतो. पण अगदी कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यांतले एक मोठे कारण म्हणजे तपासणीसाठी आपणच काढलेले रक्त, हे नवजात शिशुतज्ज्ञांनी केव्हाच मान्य केले आहे. इकडून तपासणीसाठी रक्त काढायचे आणि तिकडून रक्तपेढीतून आणून चढवायचे, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले. २००० साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेने जेवढे रक्त मागितले होते त्यापेक्षा सरासरी १९ टक्के जास्त रक्त बाळांचे काढले जात होते. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. कमी पडून पुन्हा टोचायला नको म्हणून सिस्टर दोन थेंब जास्त घेतात, एवढेच. पण थेंब थेंब मिळून बाळाच्या अंगातले रक्त कमी होत होते.

मग किती रक्त घेतले तर चालेल? संशोधनासाठी मुलांचे रक्त किती घ्यावे याच्या निरनिराळ्या देशांतल्या नियमांचा आढावा २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला होता. त्यातल्या मर्यादा साधारणपणे चोवीस तासांत एकूण रक्ताच्या एक ते पाच टक्के आणि आठ आठवड्यांत दहा टक्क्यांपर्यंत अशा होत्या. एक किलोच्या बाळासाठी पाच टक्के म्हणजे पुन्हा तेच पाच मिलिलिटर, तेही जास्तीत जास्त. मोठ्यांच्या एका नळीत अख्ख्या दिवसाचा वाटा संपतो.

आता यंत्रांकडे वळू. पूर्वी प्रयोगशाळेत सगळे काम हाताने चाले. रक्त नळीत घ्यायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवून पेशी तळाला बसवायच्या, वरचा द्रव, ज्याला आम्ही सीरम किंवा प्लाझ्मा म्हणतो, तो पिपेटने उचलायचा, त्यात रसायन घालायचे, रंग आला की त्याची गडदता मोजायची. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात लिओनार्ड स्केग्ज या जीवरसायनशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. एकाच लांब बारीक नळीतून एकामागून एक नमुने सोडायचे आणि दोन नमुन्यांच्या मध्ये हवेचा बुडबुडा ठेवायचा. बुडबुड्यामुळे नमुने एकमेकांत मिसळत नाहीत, आणि वाटेतच रसायन मिसळून रंग मोजला जातो. १९५७ मध्ये हे यंत्र ऑटोॲनालायझर या नावाने बाजारात आले. जवळपास त्याच काळात वॉलेस कोल्टर यांनी रक्तपेशी मोजण्याचे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळाले. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. असे अडथळे मोजायचे, म्हणजे पेशी मोजल्या. पुढे १९८० च्या दशकात जपानमधल्या कोची येथील वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी नमुन्यांच्या नळ्या सरकत्या पट्ट्यावरून या यंत्राकडून त्या यंत्राकडे नेणारी सबंध प्रयोगशाळाच उभी केली. आजच्या मोठ्या लॅबमध्ये दिसणारे पट्टे आणि यांत्रिक हात त्याच वाटेने आले.

या सगळ्या प्रगतीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. नळी मोठ्या माणसाची असेल, आणि तिच्यात रक्त भरपूर असेल. पट्ट्यावर नळी उभी राहावी म्हणून तिची उंची-जाडी ठरलेली, बारकोडचे लेबल त्या उंचीचे, यांत्रिक सुई किती खोल जाईल तेही त्यावर ठरलेले. लहान मुलांचे रक्त येते ते बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी. त्यात नवजात बाळाचे रक्त दाट असते. त्यात पेशींचा भाग साठ टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे अर्ध्या मिलिलिटर रक्तातून निघणारा द्रव फार तर ०.२ मिलिलिटर, म्हणजे २०० मायक्रोलिटर. हाती लागतो त्याहूनही कमी. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर तीन-चार थेंब.

तुम्ही म्हणाल, आधुनिक यंत्राला एका तपासणीसाठी साधारण दोन ते दहा मायक्रोलिटरच लागतात, मग अडचण काय? अडचण अशी की यंत्राला तेवढेच देऊन भागत नाही. सुई तळाला टेकू नये, गुठळी किंवा पेशी ओढल्या जाऊ नयेत, हवा आत जाऊ नये म्हणून कपात काही द्रव कायम शिल्लक राहावा लागतो. तो तपासला जात नाही, शेवटी टाकून दिला जातो. लहान नमुन्यांसाठी केलेल्या कपातही हा मृत साठा पन्नास मायक्रोलिटरच्या घरात असू शकतो. म्हणजे बाळाच्या टाचेतून मिळवलेल्या द्रवाचा पाव भाग यंत्राच्या सोयीसाठी वाया. शिवाय कुपीतून कपात ओतताना थोडा कुपीलाच चिकटून राहतो. उघड्या कपातला एवढासा नमुना यंत्रावर ताटकळत राहिला तर त्यातले पाणी उडते आणि सोडियम आहे त्यापेक्षा जास्त दिसू लागते. आपल्या मोठ्या नळीत अर्ध्या तासाचे बाष्पीभवन जाणवतही नाही. चार थेंबांत ते जाणवते.

आमच्याकडे नेमके हेच झाले. नवे यंत्र येण्यापूर्वी बाळांचे नमुने आमचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ बघत. सगळे त्यांना काका म्हणत. कुपी तिरकी धरून, सूक्ष्म पिपेटचे टोक द्रवाच्या अगदी कडेला लावून ते शेवटचा मायक्रोलिटर उचलायचे. काम सावकाश चाले, पण वाया काही जात नसे. नवे यंत्र घेताना आम्ही निविदेत काय विचारले? तासाला किती तपासण्या, एका तपासणीचा खर्च किती, दुरुस्तीला माणूस किती वेळात येणार. मृत साठा किती, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नाही. मलाही नाही. यंत्र सुरू झाले आणि मोठ्या मुलांचे रिपोर्ट झपाट्याने निघू लागले. नवजात विभागाच्या नमुन्यांवर मात्र पडद्यावर वारंवार शेरा येऊ लागला, 'अपुरा नमुना'. अपुरा नमुना म्हणजे पुन्हा टोचणे. त्या बाळाचा सकाळचा नमुना असाच परत गेला होता. दुसऱ्या वेळी सिस्टरांनी घाईत टाच दाबून रक्त काढले, त्यात पेशी फुटल्या आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले आले. तिसरा नमुना मागवायला मी गेले, आणि त्या आईने मला विचारले.

त्या बाळाला पुढच्या आठवड्यात रक्त द्यावे लागले. ते आमच्यामुळेच, असे म्हणता येणार नाही. अशा बाळांना ते बऱ्याचदा लागते. पण आमचा त्यात वाटा नव्हता, असेही मी म्हणू शकत नाही.

आम्हाला पडलेला हा प्रश्न जगात आधीच कोणीतरी सोडवायला घेतला होता. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल माइट्स हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. लहान मुलांच्या प्रयोगशाळेचे शास्त्र वेगळे असते, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. बालकांच्या रक्ततपासणीवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७७ मध्ये निघाला. मुलांची सामान्य पातळी काय, कमी रक्तात तपासणी कशी करायची, कोणते यंत्र चालेल, हे त्यात एकत्र आले.

दुसरा उपाय आला तो अनपेक्षित दिशेने, कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीकडून. रंगीत फिल्ममध्ये निरनिराळ्या रसायनांचे पातळ थर एकावर एक असतात. तीच विद्या वापरून कोडॅकने १९७० च्या दशकाच्या अखेरीस टपाल तिकिटाएवढी एक कोरडी स्लाइड तयार केली. वरच्या थरावर सीरमचा दहा मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा. तो समान पसरतो, खाली झिरपतो, खालच्या थरात रंग येतो, आणि यंत्र खालून प्रकाश टाकून तो रंग मोजते. पाण्यात कालवलेली रसायने नाहीत, लांबलचक नळ्या नाहीत. नवजात बाळाच्या काविळीचे दोन प्रकार वेगवेगळे मोजणारी स्लाइडही त्यांनी काढली. त्यामुळे ही यंत्रे मुलांच्या रुग्णालयांना सोयीची वाटली. कोडॅकने हा विभाग १९९४ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला, पण ती पद्धत आजही वापरात आहे.

तिसरा उपाय म्हणजे यंत्रच बाळाच्या खाटेपाशी नेणे. १९९० च्या दशकात हातात मावणारी यंत्रे आली. त्यांच्या छोट्या काडतुसात दोन थेंब रक्त घातले की काही मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, साखर, प्राणवायू कळतो. रक्त फिरवून द्रव वेगळा करावा लागत नाही, त्यामुळे वाया काही जात नाही. साखरेच्या बाबतीत तर याचा दुहेरी फायदा. नळीत पडून राहिलेल्या रक्तातल्या पेशी त्यातली साखर खात राहतात. नमुना लॅबमध्ये पोहोचायला तासभर लागला तर बाळाची साखर आहे त्यापेक्षा कमी दिसते. अशा यंत्रांमुळे अतिशय कमी वजनाच्या बाळांना रक्त चढवण्याचे प्रमाण कमी झाल्याचे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये नोंदवले.

याशिवाय बाहेरून मोठ्या नळीएवढ्या आणि आत मात्र चिमुकली पोकळी असलेल्या नळ्या निघाल्या. त्या सरकत्या पट्ट्यावर इतरांच्या रांगेत उभ्या राहतात, त्यांच्यावर बारकोड सरळ चिकटतो, आणि कपात ओतण्याची पायरीच गळते. कल्पना साधी आहे. यंत्र बदलता येत नसेल तर नळी बदला.

थेंबाचे मोल ओळखून केलेल्या स्वयंचलनाचे मला सर्वांत आवडते उदाहरण मात्र वेगळेच आहे. बफेलो येथील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. बाळाच्या टाचेतले रक्त जाड टिपकागदावर टिपायचे, वाळवायचे आणि पाकिटातून प्रयोगशाळेला पाठवायचे. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारासाठी ती तपासणी होती. वेळीच कळले तर केवळ आहार बदलून मुलाची बुद्धी वाचते. आज यंत्र त्या कागदातून सव्वातीन मिलिमीटरची टिकली कापते. तीत रक्त असते साधारण तीन मायक्रोलिटर. १९९० च्या दशकापासून टँडम मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र अशा एका टिकलीतून कितीतरी विकार एकदम शोधू लागले. नवजात बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम आपल्या शेजारच्या गोव्यात २००८ मध्ये सरकारने सुरू केला होता. इथे यंत्र बाळाकडून जास्तीचा एकही थेंब मागत नाही. सुरुवातच 'मिळेल एवढ्यात भागवायचे' या विचाराने झाली होती, म्हणून हे जमले.

रक्त वाचले म्हणजे सगळे झाले असेही नाही. यंत्र आकडा देते. तो आकडा ठीक आहे की नाही हे ठरवणारा संगणकही मुलांसाठी शिकवावा लागतो. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचा घटक वाढत्या हाडांतून येतो, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांत तो मोठ्यांच्या कितीतरी पट असतो. संगणकात मोठ्यांची मर्यादा भरलेली असेल तर धडधाकट मुलाच्या रिपोर्टवर लाल खूण येईल आणि घरचे घाबरतील. क्रिएटिनिनचे उलटे. लहान मुलांत ते मुळातच कमी असते, त्यामुळे मोठ्यांच्या मोजमापाने 'नॉर्मल' दिसणारा आकडा मुलाच्या मूत्रपिंडाचा बिघाड लपवू शकतो. जन्मल्याबरोबर घेतलेल्या रक्तातले क्रिएटिनिन तर खरे म्हणजे आईचेच असते. कॅनडात टोरांटोच्या 'सिक किड्स' रुग्णालयातून चालणाऱ्या कॅलिपर प्रकल्पाने हजारो निरोगी मुलांचे रक्त घेऊन वयानुसार आणि मुलगा-मुलगीनुसार या मर्यादा नव्याने ठरवल्या. त्यांचा एक मोठा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यासाठी निरोगी मुलांच्या आईवडिलांनी आपल्या मुलांना टोचू दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पेशी मोजणाऱ्या यंत्रांनाही बाळे चकवायची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी असतात. जुनी यंत्रे त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजत. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे जंतुसंसर्गाचा संशय, आणि संशय आला की आणखी तपासण्या. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहणारा माणूस ती चूक पकडायचा. आताची चांगली यंत्रे या पेशी वेगळ्या मोजतात, तरी शंका आली की काचपट्टी पाहावीच लागते.

आणि नावांचा घोळ! आपल्याकडे बारसे होईपर्यंत बाळाला नाव नसते. कुपीवर लिहिलेले असते 'बेबी ऑफ सुनीता'. एकाच विभागात दोन सुनीता असल्या, किंवा एकाच सुनीताची जुळी असली, की काय होईल याची कल्पना करा. हा प्रश्न आपलाच आहे असे नाही. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयांत बाळाच्या तात्पुरत्या नावात आईचे पहिले नाव गुंफण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा चुकीच्या बाळासाठी आदेश नोंदवण्याच्या घटना सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्या, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बारकोडचा उपयोग इथे खरा आहे, पण तो बाळाच्या मनगटावरची पट्टी वाचून खाटेपाशीच छापला आणि तिथेच चिकटवला तर. टेबलावर ढिगाने छापून ठेवलेली लेबले मग कुपीवर चिकटवली, तर यंत्र चुकीचे नाव अगदी बिनचूक वाचते.

शेवटी टाचेकडे येऊ, कारण सगळे तिथून सुरू होते. चालू न लागलेल्या बाळाचे रक्त टाचेच्या तळव्याकडील दोन्ही कडांवरून घ्यायचे असते, मधून नाही. १९७९ मध्ये ब्लूमेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात टाचेच्या रचनेची मोजमापे मांडून सांगितले की २.४ मिलिमीटरपेक्षा खोल टोचू नये; नाहीतर हाडाला इजा होऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यासाठी आता ठरावीक खोलीचेच पाते बाहेर येईल अशी उपकरणे मिळतात. टाच आधी कोमट फडक्याने शेकायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, पिळायचे नाही, थेंब आपोआप जमू द्यायचा. पेशी मोजण्याची कुपी आधी भरायची, नाहीतर तोवर रक्त गोठू लागते. एवढे नीट झाले तर एका टोचण्यात काम होते. तिथे चूक झाली तर कोटभर रुपयांचे यंत्रही फार तर 'नमुना खराब आहे' एवढेच सांगू शकते. अर्थात, तेवढे सांगते हेही कमी नाही. नवजात बाळाचा द्रव काविळीने इतका पिवळा असतो की फुटलेल्या पेशींचा लालसरपणा डोळ्यांना चटकन दिसत नाही. यंत्र तो मोजून दाखवते.

आम्ही पुढे काय केले, ते सांगते. यंत्र परत पाठवता येणार नव्हते. नवजात विभागाचे नमुने आम्ही मुख्य रांगेतून बाहेर काढले. काकांनी दोन तरुण तंत्रज्ञांना शिकवले. प्रत्येक तपासणीला नेमके किती रक्त लागते याचा तक्ता विभागात लावला, कुप्यांवर भरण्याची खूण केली, आणि बाळाच्या केसपेपरवर रोज किती रक्त काढले ते लिहायला सुरुवात झाली. डॉक्टरांनी स्वतःहून चार तपासण्या एकाच टोचण्यात बसवल्या आणि दोन गाळल्या. नंतर नवे यंत्र घ्यायची वेळ आली, तेव्हा निविदेतला पहिला प्रश्न होता, 'मृत साठा किती?' आज नाळेतल्या रक्तातूनच पहिल्या तपासण्या करण्याची पद्धत काही ठिकाणी आली आहे, काविळीचा अंदाज त्वचेवरून घेणारी उपकरणे आहेत. या सगळ्यांतून टोचणे कमी होते.

तुमचे किंवा तुमच्या घरातले मूल रुग्णालयात असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा. ही तपासणी आधीच्या नमुन्यातून होईल का? आणि रिपोर्टवरच्या मर्यादा मुलाच्या वयाच्या आहेत ना? यात कोणाचा अपमान नाही. मात्र गरजेच्या तपासणीला भीतीपोटी नकार देऊ नका. न केलेली तपासणी काढलेल्या रक्तापेक्षा महाग पडू शकते.

त्या आईला मी त्या दिवशी खरे उत्तर दिले. म्हटले, "साधारण शंभर मिलिलिटर असतं, आणि आज आमच्या चुकीनं थोडं जास्त गेलं." ती काही बोलली नाही. दीड महिन्याने बाळ घरी निघाले तेव्हा ती पेढे घेऊन लॅबपर्यंत आली आणि काकांच्या हातावर दोन जास्तीचे ठेवून गेली.